शिलाई मशीन नंतर, आधी नमुना आठ आणि आठ-अ काढा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पहिल्यांदाच सरपंच झाला आहात, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातल्या महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांत साधारण दीड लाख रुपये आहेत, सदस्यांचं म्हणणं शिलाईचं प्रशिक्षण घेऊन मशीन वाटावीत, आणि तुम्हाला मात्र बायकांच्या हातात कायमचं काही राहील असं करायचं आहे. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलं आहे.

माझ्या मते दीड लाख कुठे खर्च करायचे हा त्यातला दुय्यम भाग. ग्रामपंचायतीकडे पैशापेक्षा मोठ्या दोन गोष्टी आहेत. गावातल्या घरांची नोंदवही तुमच्या कपाटात आहे, आणि नळाला पाणी किती वाजता सोडायचं हे तुम्ही ठरवता. बाईची आर्थिक बाजू या दोन ठिकाणी अडते: कागदावर नाव नाही आणि दिवसात वेळ नाही. हे दोन्ही तसंच ठेवून दिलेलं प्रशिक्षण किंवा कर्ज फार टिकत नाही.

आधी मशीनचं गणित मांडा. समजा गावात ३०० घरं आहेत, घरटी दोन बायका, आणि प्रत्येकीचे वर्षाला चार ब्लाउज गावातच शिवले जातात. झाले २,४०० ब्लाउज. आधीच चार जणी शिवतात, त्यात तुम्ही वीस मशीन वाटली. म्हणजे वर्षाला प्रत्येकीच्या वाट्याला शंभर ब्लाउज, आठवड्याला दोन. शिलाई दीडशे रुपये धरली तर वर्षाचे पंधरा हजार, त्यातून अस्तर, दोरा, हूक वजा. वर आधीच्या चौघींचाही धंदा मोडला. शाळेचे गणवेश किंवा एखाद्या कारखान्याचं काम लेखी मिळत असेल तर हिशेब बदलतो. तसं काम हातात नसेल तर दोन वर्षांनी मशीनवर कपड्यांचे ढीग ठेवलेले दिसतात.

आता नावाकडे येऊ. सर्वात सोपं आणि पूर्णपणे तुमच्या हातातलं काम म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, अर्थात घर आकारणीची नोंदवही. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावावं यासाठी राज्य शासनाने २००३ मध्येच सूचना दिल्या आहेत. ‘घर दोघांचं’ या नावाने ती मोहीम ओळखली जाते. नवऱ्याचा संमती अर्ज, दोघांच्या आधारची प्रत, चालू घरपट्टीची पावती, मासिक सभेचा ठराव, आणि नोंद. घर अजून सासऱ्याच्या नावावर असेल तर थेट सुनेचं नाव लावता येत नाही. सासरे हयात असतील तर त्यांचा अर्ज हवा, नसतील तर आधी वारसनोंद. बहुतेक गावांत गाडी इथेच अडते, कारण आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी घरपट्टी त्यांच्याच नावाने निघत असते. घरकुलांतही हे एकदा तपासा. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं, पण खालची जागा सासऱ्याच्या नावावर असते. भिंती तिच्या, जमीन त्यांची.

नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही, असं ग्रामसेवक सांगतील. बरोबरच आहे. पण स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजल्यावर मिळकत पत्रिकेवर कोणाचं नाव घ्यायचं याच्या चौकशीत हाच नमुना ८ समोर ठेवला जातो. तुमच्या गावाची चौकशी अजून झाली नसेल तर हे काम या महिन्यात करा, कारण एकदा पत्रिका निघाली की दुरुस्तीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

दुसरी पायरी शेतजमिनीची, म्हणजे सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा एकत्र उतारा). इथे सगळ्या बायकांना एकच सल्ला चालत नाही. बाई विधवा आहे, लेक आहे की नवरा हयात असलेली बायको आहे, यावर रस्ता ठरतो.

विधवा आणि लेकींचं काम वारसनोंदीतून होतं. इथे हक्क कायद्यानेच आलेला असतो, फक्त तो कागदावर उतरवायचा असतो. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिक हक्क, म्हणजे मुलाइतकाच जन्मापासूनचा वाटा, १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो आणि २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र उकरून काढता येत नाही.

हिश्शाचं उदाहरण घ्या. चार एकर वडिलोपार्जित जमीन, वडील वारले, मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. वडील गेले त्या दिवशी वाटणी झाली असती असं धरून आधी पाच भाग पडतात: वडील, आई आणि तीन मुलं. वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा आई आणि तीन मुलं यांत समान. बेरीज केली की प्रत्येकाला चौथा हिस्सा, म्हणजे एकेक एकर. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असती तरी या घरात उत्तर हेच आलं असतं. आजी हयात असेल तर तीही वारस, मग आकडे बदलतात.

काम असं करायचं: मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वयं आणि पत्ते असलेलं स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र, आणि अर्ज. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर. वर्दी, म्हणजे वारसाची ही खबर, तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, लिहिला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली. त्यात तुमच्या गावच्या कोणत्या मयत खातेदारांच्या नोंदी झाल्या आणि कोणत्या राहिल्या, ती यादी आधी मागून घ्या.

घोळ कुठे होतो हे नीट समजून घ्या, कारण त्यातला एक तुमच्याच टेबलावर होतो. वारसांबद्दल सरपंच किंवा पोलीस पाटलांचा दाखला जोडला जातो आणि तयार मसुदा पुढे ठेवून सही मागितली जाते. मसुद्यात ‘मयताचे वारस: पत्नी आणि दोन मुले’ एवढंच असतं, लेकी गायब. सहीपूर्वी एकच प्रश्न विचारायचा: मुली किती, त्यांची सासरची गावं कोणती? जुन्या शिधापत्रिकेची प्रत मागा, लग्नाआधीची नावं तिथे सापडतात. मुलगी वारली असेल तर तिची मुलं वारस असतात, तेही विचारा. तुम्ही एवढं केलंत तरी पुढचे कितीतरी दिवाणी दावे वाचतात.

आधीच झालेल्या नोंदींत दोन गोष्टी शोधा. एक, सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीच्यांचा हक्क आहे पण नावं दिसत नाहीत. दोन, विधवेचं किंवा बहिणींचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, नसून ‘इतर हक्कां’त टाकलेलं. जुन्या सातबाऱ्यांवर हे सर्रास दिसतं. दोन्हींसाठी तहसीलदारांकडे अर्ज करून नावं कब्जेदार सदरी आणता येतात, सोबत मूळ फेरफाराची नक्कल लागते. वारस वगळून नोंद प्रमाणित झालीच असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, मुदत ६० दिवस. उशीर झाला तर माफीचा स्वतंत्र अर्ज, कारणासह.

आता हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त. बहिणीने साडीचोळी घेऊन सही द्यायची, ही पद्धत ठरावाने बंद होणार नाही. कायदा तिला हक्क सोडायलाही मोकळीक देतो. तुम्ही फक्त क्रम लावून द्या: आधी सगळ्या वारसांची नावं लागू द्या, सातबारा हातात येऊ द्या, आणि मग तिला वाटलं तर नोंदणीकृत दस्त. तलाठ्यापुढचा जबाब किंवा स्टॅम्प पेपरवरची नोंदणी न केलेली सही म्हणजे हक्कसोड नव्हे, हे महिला सभेत मोठ्याने वाचून दाखवा. वारसनोंद आणि हक्कसोड एकाच दिवशी उरकण्याची घाई दिसली की तिथे दबाव आहे असं समजायला हरकत नाही.

भावांची अडचणही खोटी नसते बरं का. पीककर्जाला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात आणि एक बहीण पुण्यात, दुसरी सुरतेला. त्यावर फक्त पीककर्जापुरतं मर्यादित मुखत्यारपत्र हा मार्ग सुचवा. सोसायटी किंवा बँक ते स्वीकारते का, हे आधी विचारून घ्या. सह्यांची कटकट मिटली की निम्मा विरोध मावळतो.

नवरा हयात असलेल्या बायकोचं प्रकरण वेगळं. तिला नवऱ्याच्या जमिनीत त्याच्या हयातीत आपोआप मालकी नाही, आणि इथे लोक लक्ष्मीमुक्तीचं नाव घेतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही चळवळ उभी केली आणि १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढून नवऱ्याच्या स्वेच्छेच्या अर्जावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. त्यासाठी खर्च नाही. पण महसुली नोंदीने मालकी तयार होत नाही, हे तिला सांगायला विसरू नका. तिला न विचारता परस्पर विकणं अवघड होतं, विहीर, ठिबक, अवजारांच्या अर्जात ती शेतकरी म्हणून दिसते, आणि नवऱ्याच्या मागे तिला बाजूला सारणं जड जातं. एवढा उपयोग आहे आणि तो कमी नाही.

पक्की मालकी हवी तर नोंदणीकृत बक्षीसपत्र. पती-पत्नी किंवा मुलांच्या नावे शेतजमीन वा राहतं घर दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार किती ते दुय्यम निबंधकांकडे आधी विचारा. अटी मात्र पाहा. जमीन एकत्र कुटुंबाची, न वाटलेली असेल तर त्यातला हिस्सा असा बक्षीस देता येत नाही. आधी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी, आणि त्या वाटणीत बायकोचाही हिस्सा मागता येतो. भोगवटादार वर्ग २ ची (शासनाच्या अटींवर धारण केलेली) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर बेबाकी, म्हणजे बाकी नसल्याचा, दाखला लागतो. तुकडेबंदीमुळे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठ्यांखाली तुकडा पाडता येत नाही, म्हणून लहान खातेदाराने वेगळा तुकडा न पाडता सामाईक नाव लावावं. आणि सगळी जमीन बायकोच्या नावे करून मोकळं होऊ नका: पीएम किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजीची जमीनधारणा धरतात, त्यानंतर वारसाशिवाय दुसऱ्या मार्गाने आलेल्या जमिनीवर नवा लाभ अडतो. नवऱ्याचं नाव राहू द्या, तिचं जोडा.

या सगळ्यात मी हिंदू वारसा कायदा धरला आहे. मुस्लिम कुटुंबांत हिस्से वेगळे पडतात. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही; तिथे रूढीचा प्रश्न येतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर समान हिस्सा द्यावा, असं म्हटलं आहे. तुमच्या गावात आदिवासी वस्ती असेल तर तो निकाल वकिलाला दाखवा. (शेजारच्या गोव्यात गोष्टच वेगळी. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची मानली जाते आणि विकताना बायकोची सही लागतेच. आपण परिपत्रकाने अर्धवट मिळवू पाहतो ते तिथे कायद्यातच आहे.)

अपत्य नसलेल्या बाईला एक गोष्ट आवर्जून सांगा. तिने मृत्युपत्र केलं नाही तर नवऱ्याकडून आलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आणि तिने स्वतः कमावलेलीही आधी त्यांच्याकडेच. साध्या कागदावर दोन साक्षीदारांसह केलेलं मृत्युपत्रही चालतं. विधवेने पुन्हा लग्न केलं तर आधीच्या नवऱ्याची जमीन जाते, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे, वारसाने एकदा मिळालेला हिस्सा जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढलं. तुम्ही तसा ठराव करणार असाल तर त्यातच एक ओळ घाला: गावातल्या प्रत्येक विधवेची वारसनोंद तीन महिन्यांत तपासली जाईल.

वेळेबद्दल आता. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यावर दिवसाला २८९ मिनिटं गेली, पुरुषांची ८८. यातली काही मिनिटं तुम्ही कमी करू शकता. नळाला पाणी सकाळी दहा-अकराला सुटत असेल तर घरातली एक बाई त्यासाठी थांबते आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोलून पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ ठरवा, फळ्यावर लिहा. खर्च शून्य. विजेच्या पाळीमुळे जमत नसेल तर टाकी आधी भरून ठेवता येईल का ते पाहा, वित्त आयोगाच्या निधीत पाण्यासाठी बंधित, म्हणजे राखून ठेवलेला, हिस्सा असतोच.

दीड लाखातला मोठा हिस्सा मी पाळणाघरावर घालेन. अंगणवाडी दुपारपर्यंत, खुरपणी आणि कापूस वेचणी संध्याकाळपर्यंत. मधल्या वेळात लेकरू बांधावर नाहीतर थोरल्या बहिणीकडे, आणि ती बहीण शाळेतून घरी. हंगामाचे सहा महिने धरा. दोन मदतनीस, प्रत्येकी पाच हजार: साठ हजार. पंधरा मुलांना रोज दहा रुपयांचा खाऊ, महिन्याला पंचवीस दिवस: साडेबावीस हजार. चटया, बादल्या, प्रथमोपचार पेटी, दाराला जाळी: दहा हजार. एकूण ९२,५००. मानधन कमी आहे हे मला कळतं, पण त्याहून वर गेलात तर दुसऱ्या वर्षी बंद पडेल. खर्चाची बाब अनुज्ञेय आहे का ते विस्तार अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात वसुली तुमच्या नावावर निघते. मिशन शक्तीतल्या पाळणा योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघराची तरतूद आहे. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव देऊन ठेवा, मंजूर झालं तर तुमचा निधी मोकळा.

बचत गटांबद्दल थोडंच, कारण उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे लोक तिथे आहेतच. वेळेवर फेडणाऱ्या गटाला तीन लाखांपर्यंतचं बँक कर्ज व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्याने पडतं. पण त्याच बायकांनी मायक्रोफायनान्सचं आठवडी हप्त्याचं कर्ज घेतलेलं असतं, दारात माणूस उभा राहतो म्हणून तो हप्ता आधी जातो, बँकेचा थकतो आणि सवलत सुटते. नवं कर्ज देण्याआधी गटाकडून जुनी कर्जं लिहून घ्या. शिवाय लाडकी बहीणचे १,५०० रुपये ज्या खात्यात येतात त्याला मोबाइल क्रमांक कोणाचा जोडला आहे, हे विचारा. बऱ्याचदा मेसेज नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर जातो. क्रमांक बदलायला बँकेत एक अर्ज पुरतो.

सदस्यांना दुखवू नका, मशीनचा विषय काम हातात आल्यावर घेऊ असं सांगा. पुढच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. तिचा विषय ‘नाव लावणे’ एवढाच ठेवा, दवंडीत तोच सांगा, आणि प्रत्येकीला घरपट्टीची पावती आणि आठ-अ चा उतारा घेऊन यायला सांगा. चार ढीग करा: घर सासऱ्याच्या नावावर, नवरा वारलेला पण नोंद नाही, लेकी वगळलेल्या, आणि नवरा राजी आहे असं म्हणणाऱ्या. चौथ्या ढिगापासून सुरू करा, कारण तिथे भांडण नाही आणि पहिल्या महिन्यातच दहा-वीस नोंदी झालेल्या दिसतील. त्यात पहिला अर्ज तुमच्या स्वतःच्या घराचा असेल तर बाकीच्यांना विचारणं सोपं जाईल.